दहा हजारांचा दंड आणि दहा सेंटिमीटरचा तुकडा

पहिल्यांदा ५,०००, दुसऱ्यांदा १०,०००, तिसऱ्यांदा २५,००० आणि सोबत तीन महिन्यांपर्यंत कैद. प्लास्टिकबंदीच्या दंडाची ही चढण महाराष्ट्रातल्या दुकानदारांना तोंडपाठ असते. माझ्या मावशीलाही होती. २०२४ च्या सप्टेंबरात नगरपरिषदेच्या पथकाने तिच्यापुढे दहा हजारांची पावती धरली आणि तिने ती घेतली नाही, ते या चढणीमुळेच. दहा हजार तिने कसेही उभे केले असते. पण ते भरले की पुढची पायरी तुरुंगाची होती, आणि मावशीचं वय तेव्हा एकसष्ट होतं.

मी वकील नाही. एका कर सल्लागाराकडे हिशेबाचं काम करतो. या खटल्यात माझं काम कागद सांभाळायचं आणि तारखेला मावशीसोबत जायचं, एवढंच होतं. नगरपरिषदेचं, माणसांचं, व्यापाऱ्याचं नाव मुद्दाम देत नाही. शहर नागपूरला इतकं लागून आहे की हद्द कुठे संपते ते रस्त्यावरून कळत नाही, आणि तिथले खटले सिव्हिल लाइन्समधल्या न्यायमंदिरात चालतात, इतकं सांगितलं की पुरे.

आधी मावशीची चूक सांगतो, कारण ती लपवून हे प्रकरण समजणार नाही. २०२३ च्या एप्रिलमध्ये तिच्या दुकानात खरोखरच बंदी असलेल्या पातळ पिशव्या सापडल्या होत्या. ड्रेस मटेरियल, ब्लाउजपीस, परकर, फॉल विकणारं दुकान; काका गेल्यापासून ती एकटीच चालवते. गिऱ्हाईक पिशवी मागतं, शेजारचा देतो, मग तीही देत होती. पथक आलं, तिने निमूटपणे पाच हजार भरले, पावती गल्ल्यात टाकली. ‘पावती फाडली, विषय मिटला’ असं तिला वाटलं, आणि मलाही. आम्ही दोघांनीही त्या पावतीवरचा बारीक मजकूर वाचला नव्हता.

तो मजकूर वाचायला हवा होता. जागेवर घेतात ती रक्कम शिक्षा म्हणून ठोठावलेला दंड नसतो. शिक्षा फक्त न्यायालय देऊ शकतं. जागेवर भरतो ती तडजोडीची रक्कम: तुम्ही गुन्हा मान्य करता, यंत्रणा खटला भरत नाही, मिटलं. मान्य नसेल तर पैसे न भरण्याचा पर्याय कायद्यातच आहे, मग यंत्रणेने न्यायालयात जाऊन गुन्हा सिद्ध करायचा. लोक याला ‘दंड’ म्हणतात, अधिकारीही ‘दंड’च म्हणतात, आणि त्या एका शब्दामुळे माणसाला वाटतं की निकाल लागून गेला. निकाल लागलेला नसतो. आणि यंत्रणेच्या वहीत मात्र तुमच्या नावापुढे एक आकडा चढलेला असतो.

त्या दंडानंतर मावशी नॉन-वोव्हन पिशव्यांवर आली. कापडासारख्या दिसणाऱ्या, रंगीत, शिवलेल्या पट्ट्यांच्या. इतवारीतून ठोकात आणायची. प्रत्येक पिशवीच्या तळाशी ‘६० जीएसएम’च्या वर असल्याचा छाप. पुष्कळ लोक या पिशव्यांना कापडीच समजतात. त्या कापडी नाहीत, पॉलिप्रॉपिलीनचे धागे उष्णतेने एकमेकांना चिकटवून केलेलं ते एक प्लास्टिकच आहे. पण सगळ्या नॉन-वोव्हनवर बंदी नाही. केंद्राच्या २०२१ च्या दुरुस्तीने ३० सप्टेंबर २०२१ पासून या पिशवीला किमान ६० जीएसएमची अट घातली, म्हणजे एका चौरस मीटरला किमान ६० ग्रॅम वजन. महाराष्ट्राने २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेत आधी सगळ्याच पिशव्या बंद केल्या होत्या, पण २०२२ च्या अखेरीस राज्यानेही ६० जीएसएमच्या वरच्या नॉन-वोव्हन पिशवीला सूट दिली. म्हणून या पिशवीबाबत ‘प्लास्टिक आहे का’ हा प्रश्नच चुकीचा ठरतो. विचारायचं ते एकच: वजन किती?

पथकाने हा प्रश्न विचारला नाही.

नवरात्राच्या आधीचा शुक्रवार होता. दुकानात चार बाया ओढण्यांचे रंग जुळवत बसल्या होत्या. पथकात पाच जण. त्यांच्यातल्या स्वच्छता निरीक्षकाने काउंटरवरची एक पिशवी उचलली, खिशातून लायटर काढून तिचा कोपरा पेटवला. कोपरा वितळला, काळा थेंब खाली पडला. ‘पाहा, वितळली. कापड असतं तर राख झाली असती. हे प्लास्टिक आहे.’ मावशी म्हणाली, ‘साहेब, प्लास्टिक नाही असं मी कुठं म्हणून राहिली? पण हे चालते ना जी. खाली लिहिलं आहे पाहा, साठ.’ लिहिलेलं कोणी पाहिलं नाही. काउंटरच्या खालच्या आणि मागच्या फळीवरच्या पिशव्या एका पोत्यात भरल्या, पोतं हुकाच्या लटकत्या काट्याला टांगलं, आकडा मोठ्याने वाचला: साडेतीन किलो. मग पंचनामा. छापील नमुना, रिकाम्या जागा भरायच्या. ‘अंदाजे २०० नग, प्रतिबंधित प्लास्टिक पिशव्या, वजन ३.५ किलो.’ पंच दोघं, दोघंही पथकाच्याच गाडीतून उतरलेले.

तेव्हा तिने मला फोन केला. मी कामावर होतो. फार काही सुचलं नाही, इतकंच म्हणालो की मावशी, न वाचता सही करू नको, आणि तुला जे म्हणायचं आहे ते सहीच्या वर लिही. निरीक्षक म्हणाला की त्यात काही लिहिता येत नाही. मावशीने लिहिलं. बांगडीवाल्यांच्या हिशेबाच्या वहीत लिहावं तसं ठसठशीत अक्षर: ‘पिशव्यांवर ६० जीएसएम छापले आहे. जीएसएम तपासले नाही. दंड मान्य नाही.’ खाली सही, तारीख, वेळ. प्रत मागितली तर म्हणाले कार्यालयातून घ्या. तिने मोबाइलवर फोटो काढून घेतला. पुढे सव्वा वर्ष जे काही घडलं ते या तीन वाक्यांच्या आधारावर उभं राहिलं. पंचनाम्याच्या कागदावर दुकानदाराचं म्हणणं नसेल तर महिन्यांनी न्यायालयात ते सांगताना ‘ही मागाहून सुचलेली सबब आहे’ असं सरळ म्हणता येतं.

आठवड्याने नोटीस आली: सात दिवसांत दहा हजार भरा, नाहीतर न्यायालयीन कारवाई. नोटिशीत ‘दुसरा गुन्हा’ असं स्वच्छ लिहिलं होतं.

वकील शोधायला तीन ठिकाणी गेलो. दोघांनी सांगितलं की भरून टाका, माझी फी त्यापेक्षा जास्त होईल. खोटं नव्हतं ते. तिसऱ्या वकीलबाईंनी फी पंधरा हजार सांगितली, दोन टप्प्यांत, आणि मावशीला समोर बसवून विचारलं, ‘काकू, दहा हजारांसाठी पंधरा हजार का घालता?’ मावशी म्हणाली, ‘दहासाठी नाही घालून राहिली. पुढच्या वेळी हे लोक पुन्हा लायटर घेऊनच येतील. मग?’ वकीलबाईंनी वकालतनामा पुढे सरकवला.

त्यांनी आमच्याकडून सगळ्यात आधी दोन कामं करून घेतली. एक, इतवारीच्या व्यापाऱ्याची सगळी बिलं शोधा. दोन, दुकानात उरलेल्या पिशव्या स्वतः मोजा.

जीएसएम मोजायला प्रयोगशाळा लागतेच असं नाही, हे मला तेव्हा कळलं. पिशवीच्या एका थराचा, शिवण आणि पट्टी सोडून, बरोबर १० सेंटिमीटर बाय १० सेंटिमीटर तुकडा कापायचा. एका चौरस मीटरमध्ये असे शंभर तुकडे बसतात. म्हणून तुकड्याचं वजन ग्रॅममध्ये काढून शंभराने गुणलं की जीएसएम. ६० जीएसएमचा तुकडा ०.६० ग्रॅम भरायला हवा. किराणा दुकानाच्या काट्यावर हे दिसणारच नाही, पथकाच्या हुकाच्या काट्यावर तर नाहीच. सोनाराचा काटा लागतो. इतवारीच्या सराफ्यात मावशीच्या ओळखीचे एक सराफ आहेत, तिच्या लग्नातल्या पाटल्या त्यांच्याकडच्या. दुपारच्या मंदीच्या वेळेला आम्ही गेलो. त्यांनी काचेच्या पेटीतल्या काट्यावर एकेक तुकडा चिमट्याने ठेवला, मी वहीत आकडे लिहिले.

निळ्या पिशव्यांचे तुकडे ०.६३, ०.६४, ०.६२ भरले. मावशीने माझ्याकडे असं पाहिलं की खटला जिंकलाच. मग मरून रंगाच्या पिशव्या घेतल्या. ०.४७. पुन्हा दुसरी पिशवी, ०.४६. छाप मात्र तोच, साठचा. सराफांनी काटा शून्यावर आणून पुन्हा ठेवलं. ०.४७.

सराफ्यातून शहीद चौकापर्यंत आम्ही चालत आलो, मावशी एक शब्द बोलली नाही. निळ्या पिशव्यांचं पक्कं बिल होतं. मरून पिशव्या आदल्या दिवाळीच्या गर्दीत कच्च्या चिठ्ठीवर आणलेल्या, त्या बहुतेक मागच्या खोलीतच होत्या. त्यांतल्या काही काउंटरवर आल्या होत्या का, पथकाच्या पोत्यात गेल्या होत्या का, हे तिला सांगता येईना. मलाही आजवर माहीत नाही.

हा भाग मी गाळू शकलो असतो. गाळला असता तर गोष्ट सोपी झाली असती: निर्दोष दुकानदार, आंधळं पथक. पण खरं प्रकरण तसं नव्हतं. मावशी फसवली गेली होती आणि तिला ते ठाऊक नव्हतं. आणि नगरपरिषदेने एक तुकडा कापून तोलला असता तर कदाचित नगरपरिषदेचीच बाजू बरोबर निघाली असती. बंदीमागचं कारण खरं आहे. आमच्या शहराच्या नाल्यात पावसाळ्यात काय अडकतं ते मी दरवर्षी पाहतो. म्हणूनच मला राग आला तो बंदीचा नाही, लायटरचा. न तोलता केलेली कारवाई चांगली पिशवी आणि वाईट पिशवी एकाच पोत्यात भरते, आणि साठचा खोटा छाप मारणारा इतवारीत निवांत बसून राहतो.

मरून पिशव्या वकीलबाईंपुढे ठेवल्या. त्या म्हणाल्या, ‘न्यायालयात मी खोटं बोलणार नाही, काकूही बोलणार नाहीत. सगळ्या पिशव्या साठच्या वर होत्या असं आपण म्हणायचंच नाही. आपण म्हणायचं ते इतकंच की नगरपरिषदेने मोजलं नाही. ते खरं आहे, आणि सिद्ध करायचं ओझं त्यांच्यावर आहे.’ मला तेव्हा हे पटलं नाही. वाटलं, आपणच अर्ज करून पोत्यातला माल तपासणीला पाठवायला सांगावा. चंद्रपूरला सिपेट या केंद्र सरकारच्या प्लास्टिक संस्थेचं केंद्र आहे, तिथे प्लास्टिकची तपासणीही होते, नागपूरपासून दीडशेएक किलोमीटर. त्यांनी विचारलं, ‘पोत्याला सील आहे का?’ नव्हतं. ‘मग तपासणीला गेलेली पिशवी काकूंच्याच दुकानातली, हे कोण सांगणार?’ सील नसलेला मुद्देमाल आमच्याही कामाचा नव्हता.

त्याच आठवड्यात माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाकला. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, नमुना ‘अ’, प्रश्न मोजके: पथकाकडे जीएसएम मोजण्याचं कोणतं साधन आहे, त्या दिवशीच्या जप्तीतल्या मालाची तपासणी केली असल्यास अहवाल, पंचनाम्याची साक्षांकित प्रत, निरीक्षकाला या कायद्याखाली अधिकार देणारा आदेश. तीस दिवसांच्या मुदतीतला अठ्ठाविसावा दिवस होता तेव्हा उत्तर आलं. अधिकाराचा आदेश मिळाला, तो व्यवस्थित होता, म्हणजे तो मुद्दा आमच्या हातून गेला. पंचनाम्याची प्रत मिळाली, मावशीची तीन वाक्यं जशीच्या तशी. साधन आणि अहवाल यांच्यापुढे लिहिलं होतं: ‘सदर माहिती कार्यालयीन अभिलेखात उपलब्ध नाही.’ कार्यालयात हे वाक्य रोज कोणीतरी सहज लिहून टाकत असेल. आमच्या फाइलमधला तो सगळ्यात वजनदार कागद होता.

मग शांतता. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी. मावशीला वाटू लागलं की प्रकरण बारगळलं. फक्त दंडाची शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल न्यायालयाने सहा महिन्यांच्या आत घ्यावी लागते, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ प्रमाणे, आणि तक्रार दाखल झाल्याची तारीख त्यासाठी धरतात. सहा महिने पुरे व्हायला अकरा दिवस उरले असताना नगरपरिषदेने तक्रार दाखल केली.

एप्रिलमध्ये न्यायालयाची नोटीस आली. ते समन्स नव्हतं, आणि हा फरक समजून घेण्यासारखा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत, कलम २२३ खाली, तक्रारीवरून दखल घेण्याआधी आरोपीचं म्हणणं ऐकायची संधी द्यावी लागते. जुन्या कायद्यात ती नव्हती, आधी समन्स यायचं, मग तुम्ही बोलायचं. मावशीला ‘आरोपी’ हा शब्द वाचून रात्रभर झोप लागली नाही. सकाळी मला म्हणाली, ‘चोर आणि मी एकाच शब्दात का रे?’

त्या सुनावणीत आम्ही हरलो. वकीलबाईंनी माहिती अधिकाराचं उत्तर दाखवलं, मोजणीच नाही तर गुन्हा कसला असं विचारलं. न्यायालयाने म्हटलं की पिशव्यांचं वजन किती होतं हा पुराव्याचा प्रश्न आहे, या टप्प्यावर ठरवता येणार नाही. तक्रारीत प्रथमदर्शनी गुन्हा दिसतो. समन्स निघालं. बाहेर उन्हाने डांबर मऊ झालं होतं. मी मावशीला आधार देत रस्ता ओलांडला आणि रसवंतीवर बसवलं. तिने अर्धा ग्लास पिऊन ठेवला. भरून टाकू का, असं तिने खटल्याच्या काळात एकदाच विचारलं, ते तिथे.

पुढच्या तारखेला जातमुचलका दिला, गुन्ह्याचा गोषवारा वाचून दाखवला गेला. ‘गुन्हा कबूल आहे का?’ ‘नाही.’ हा शब्द तिने इतक्या हळू उच्चारला की पुन्हा विचारावं लागलं. नगरपरिषदेच्या वकिलांनी बाहेर येऊन सांगितलं, वाईट मनाने नाही, की येत्या लोकअदालतीत ठेवा, दहा भरा, मोकळ्या व्हा. तडजोडीची दारं शेवटपर्यंत उघडी असतात. पण तडजोड म्हणजे पुन्हा तोच आकडा वहीत.

तारखा एकूण अकरा लागल्या. चार नुसत्याच गेल्या: एकदा साक्षीदार प्रशिक्षणाला, एकदा वकिलांचा बंद, एकदा मुद्देमाल गोदामातून आला नाही, एकदा वेळच संपला. दर तारखेला दुकान बंद, सकाळची बस सीताबर्डीपर्यंत, तिथून ऑटो. दोनदा हजेरीमाफीचा अर्ज मंजूर झाला. या फेऱ्यांबद्दल जास्त लिहीत नाही, ज्यांनी केल्या त्यांना ठाऊक आहेत.

निरीक्षकाची उलटतपासणी मात्र सांगायला हवी. माणूस प्रामाणिक होता, हे मी मनापासून लिहितो. त्याने एकही खोटं उत्तर दिलं नाही. पोतं समोर आणलं, तोंड सुतळीने बांधलेलं, सील नाही, चिठ्ठीवर पंचांच्या सह्या नाहीत. मोजल्या तर पिशव्या १८३ निघाल्या. पंचनाम्यात ‘अंदाजे २००’.

‘पिशवी प्रतिबंधित आहे हे तुम्ही कशावरून ठरवलं?’

‘जाळून पाहिली. वितळली.’

‘साठ जीएसएमच्या वरची नॉन-वोव्हन पिशवी जाळली तर वितळते की नाही?’

थोडा थांबला. ‘वितळते.’

‘साठच्या खालची?’

‘तीही वितळते.’

‘म्हणजे जाळून जीएसएम कळत नाही.’

‘नाही कळत.’

‘तुमच्या काट्यावर कमीत कमी किती वजन दिसतं?’

‘पन्नास ग्रॅम.’

‘एक पिशवी तोलली तर काटा हलेल का?’

‘नाही.’

‘काकूंनी पंचनाम्यावर लिहिलं की जीएसएम तपासलं नाही. ते खोटं आहे का?’

‘नाही. आम्ही तपासलं नव्हतं. आमच्याकडे तसं यंत्र नाही.’

मावशी आरोपीच्या जागी उभी होती. तिने पदर तोंडाला लावला. पहिल्या दिवसापासून ती जे सांगत होती ते पहिल्यांदा कोणीतरी मान्य केलं होतं, आणि तेही त्याच माणसाने.

निरीक्षकाने मोबाइलवर काढलेले फोटोही दाखल केले होते, पण इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, ते जोडलेलं नव्हतं. दोन पंचांपैकी एकच साक्षीला आला. त्याने कंत्राटी सफाई कामगार असल्याचं सांगितलं, आणि पंचनाम्यावर गाडीत बसून सही केल्याचंही. त्याला उलट काही विचारावंच लागलं नाही. सकाळी पाचपासून झाडू मारून तो दुपारी साक्षीला आला होता. अशा माणसाला पंच म्हणून उभं करणं मला त्याच्यावरही अन्याय वाटतं.

आरोपीचा जबाब, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५१ खाली. मावशीने सांगितलं: ‘आधी एकदा माझी चूक झाली होती, मी पैसे भरले. त्यानंतर मी छाप पाहूनच माल घेत होते. तोलायचं यंत्र माझ्याकडे नाही. पथकाने तोलून दाखवलं असतं आणि कमी भरलं असतं, तर मी तिथेच पैसे दिले असते.’ शेवटचं वाक्य वकीलबाईंनी शिकवलेलं नव्हतं. त्यांच्या कपाळावर आठी दिसली. पण ते खरं होतं आणि लिहून घेतलं गेलं.

युक्तिवादात आणखी दोन गोष्टी मांडल्या गेल्या. साडेतीन किलोला दोनशेने भागलं तर एक पिशवी साडेसतरा ग्रॅमची. ३० बाय ४० सेंटिमीटरची पिशवी, दोन बाजू आणि पट्ट्या धरून, पाव चौरस मीटरहून थोडी जास्त. हिशेब साठच्या वरच जातो, म्हणजे पंचनाम्यातले आकडेच नगरपरिषदेच्या विरुद्ध बोलतात. हा हिशेब मी वहीत मांडून दिला होता आणि मला त्याचा अभिमान होता. न्यायालयाने तो बाजूला ठेवला: अंदाजे नगांवरून काढलेली सरासरी कोणाच्याच बाजूने पुरावा होत नाही. बरोबरच होतं, १८३ ने भागलं तर आकडा वेगळा येतो. दुसरा मुद्दा, तडजोडीने मिटलेलं पहिलं प्रकरण म्हणजे दोषसिद्धी नव्हे, म्हणून दुसऱ्या प्रकरणाला ‘दुसरा गुन्हा’ धरून जास्त दंड मागता येणार नाही. यावर न्यायालयाने मत दिलं नाही, कारण तिथवर जायची गरजच पडली नाही. मला ते मत हवं होतं. ते मिळालं असतं तर आमच्या गल्लीतल्या प्रत्येक दुकानदाराच्या उपयोगी पडलं असतं.

निकाल सात पानांचा आला. जप्त पिशव्या ६० जीएसएमपेक्षा कमी होत्या हे तक्रारदाराने सिद्ध केलेलं नाही, मुद्देमाल सीलबंद नव्हता, पंच स्वतंत्र नव्हते. निर्दोष मुक्तता. जातमुचलका रद्द. मुद्देमालाची अपिलाची मुदत संपल्यावर विल्हेवाट लावावी. खर्च मागायची सोय अशा खटल्यात फारशी नसते. वकिलांची फी पंधरा हजार, प्रवास आणि झेरॉक्स धरून दोनेक हजार, अकरापैकी नऊ दिवस दुकान बंद. दहा हजारांच्या पावतीपुढे हा हिशेब मांडला तर मावशी तोट्यात आहे. हे मी तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली की हिशेब तुझा, दुकान माझं.

निकालाच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही उरलेल्या मरून पिशव्या घेऊन इतवारीत गेलो. व्यापाऱ्यापुढे सराफ्यातल्या आकड्यांचा कागद ठेवला. त्याने आधी छापाकडे बोट दाखवलं, मग कागद वाचला, मग माल परत घेतला. पैसे अर्धेच दिले, कच्च्या चिठ्ठीवर भांडायला आमच्याकडे काही नव्हतं. मावशी आता पक्क्या बिलाशिवाय पिशवी घेत नाही, आणि नवा गठ्ठा आला की एक तुकडा कापून सराफांकडे देते. ते पाटल्या तोलायच्या काट्यावर तोलून चिठ्ठीवर आकडा लिहून पाठवतात. चिठ्ठ्या ती निकालाच्या प्रतीसोबत एका फोल्डरमध्ये ठेवते.

मध्यंतरी तोच निरीक्षक दुकानावरून जाताना थांबला. मावशीने पाणी दिलं. त्याने विचारलं, ‘काकू, तो तुकडा किती सेंटिमीटरचा घ्यायचा म्हणाला होता तुमचा भाचा?’ तिने मोजपट्टी काढून त्याला दाखवलं.

नगरपरिषदेच्या वहीत मावशीच्या नावापुढे आता एकच नोंद आहे, २०२३ च्या एप्रिलची, पाच हजारांची. ती पावती तिने गल्ल्यातून काढून त्याच फोल्डरमध्ये सगळ्यात खाली लावली आहे.